घासलेल्या भांड्यांचा अर्थ
सतराव्या शतकातल्या डच छापचित्रांमधल्या बायका इतकं काम का करत असतात?

सतराव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅमच्या काल्फरस्ट्राट या रस्त्यावर क्लास यान्स फिस्सर नावाच्या प्रकाशकाचं दुकान होतं. नकाशे, गावांचे देखावे, बायबलमधले प्रसंग, मोठ्या माणसांचे चेहरे असा नाना प्रकारचा छापील माल तो विकायचा. त्या काळच्या डच छापचित्रांच्या बाजारात आणखीही एक विषय चालत असे, आणि तो आज आपल्याला बुचकळ्यात टाकतो. बाई शिवते आहे, सूत कातते आहे, भांडी घासते आहे. ना कुठली राणी, ना संत, ना देवी. साधी घरातली बाई, रोजच्या कामात.

अशी चित्रं विकत घेणारं गिऱ्हाईक कोण? ज्या घरात सकाळ-संध्याकाळ भांडी घासली जातात, त्याच घराने भांडी घासणाऱ्या बाईचं चित्र पैसे मोजून का आणावं?

यावर एक तयार उत्तर मिळतं. हे सगळं प्रतीकात्मक आहे. झाडू म्हणजे मनाची शुद्धी, चरखा म्हणजे सद्गुण, विझलेली मेणबत्ती म्हणजे आयुष्याचा शेवट. उत्तर खोटं नाही. पण ते अर्धंच आहे, आणि थोडं आळशीही. वस्तूला अर्थ आपोआप चिकटत नाही, कुणीतरी तो चिकटवावा लागतो. डच छापचित्रांत तो कोणी चिकटवला, कसा, आणि कधी तो नीट चिकटलाच नाही, ही खरी मजेची गोष्ट आहे.

तांबं, शाई आणि उलटी सुई

आधी चित्र बनायचं कसं ते पाहू. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. टोकदार पोलादी कोरणीने त्यावर रेघा खोदायच्या. कोरणी हातात जवळपास स्थिर असते. वळणदार रेघ हवी असेल तर उशीवर ठेवलेला पत्राच फिरवायचा. मग पत्र्याला शाई फासायची आणि वरची पुसून टाकायची. आपल्याकडे पितळेच्या किंवा स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतात, त्या अक्षरांवर काजळ चोळून वरून फडकं फिरवलं तर काळं फक्त खाचेत उरेल, इथेही तसंच. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून जोरात दाबला की कागद खाचेत शिरून शाई उचलतो. या पद्धतीला एन्ग्रेव्हिंग म्हणतात. हाताने न खोदता आम्लाकडून पत्रा खाववला तर ते एचिंग.

एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघतात, म्हणूनच छापचित्र तैलचित्रापेक्षा पुष्कळ स्वस्त. ज्याला तैलचित्र परवडत नाही त्यालाही छापील कागद परवडे.

या पद्धतीच्या दोन गोष्टी घरकामाच्या चित्रांना थेट भिडतात. पहिली म्हणजे, छापल्यावर चित्र उलटं होतं. पत्र्यावरचा उजवा हात कागदावर डावा. झाड किंवा चर्च उलटं झालं तर फारसं बिघडत नाही, पण शिवणाऱ्या बाईच्या डाव्या हातात सुई आली की शिवण येणाऱ्या कुणालाही ते लगेच खटकणार. म्हणून कोरणाऱ्याला पत्र्यावर मुद्दाम डावखुरी बाई खोदावी लागे, तेव्हा कुठे कागदावर ती उजव्या हाताने टाका घाली.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. एन्ग्रेव्हिंगमध्ये करडा रंग नसतो. असते ती फक्त काळी रेघ आणि पांढरा कागद. सावली हवी तर रेघा जवळजवळ, उजेड हवा तर विरळ. घासून लख्ख झालेल्या भांड्यावरची चमक दाखवायची असेल, तर नेमक्या त्या जागी कोरणी लावायचीच नाही. आजूबाजूला मात्र जीव ओतून बारीक रेघांची जाळी विणायची. चमक ही चित्रातली एकमेव न केलेली जागा असते.

┌─────────────
चौकट : चित्राच्या खालच्या कडेला काय लिहिलंय?

छापचित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत नावं असतात, आणि नावापुढे एक लॅटिन शब्द किंवा त्याचं संक्षिप्त रूप.

*इन्व्हेनिट* : चित्राची कल्पना, मूळ रेखाटन याचं.
*स्कल्प्सिट* : पत्रा याने कोरला.
*फेकिट* : केलं, एचिंगवर हा शब्द बऱ्याचदा दिसतो.
*एक्स्कुडिट* : प्रकाशक हा. पत्र्याची मालकीही सहसा त्याचीच.

पत्रा विकला गेला की नवा मालक जुन्या प्रकाशकाचं नाव घासून स्वतःचं कोरत असे. त्यामुळे एकाच चित्राच्या निरनिराळ्या प्रतींवर निरनिराळी नावं सापडतात, आणि कुठली प्रत आधीची ते त्यावरून ठरवता येतं.
└─────────────

चित्राला शब्दांची जोड

आता अर्थाकडे. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात पुस्तकांचा एक प्रकार कमालीचा लोकप्रिय होता : एम्ब्लेम-पुस्तक. पहिलं निघालं १५३१ साली आउग्सबुर्गमध्ये, आन्द्रेआ आल्चातो या इटालियन कायदेपंडिताचं. त्याची रचना साधारण अशी : वर एक छोटं बोधवाक्य, मधे चित्र, खाली कविता किंवा स्पष्टीकरण. बोधवाक्य कोडं घालतं, चित्र ते गुंतागुंतीचं करतं, कविता सोडवते. तिन्ही मिळून अर्थ तयार होतो. एकटं चित्र पाहून तो हाती लागेलच असं नाही.

डच लोकांनी हा विद्वानांचा खेळ उचलला आणि सरळ स्वयंपाकघरात आणला. अ‍ॅमस्टरडॅमचा धान्यव्यापारी आणि कवी रूमर फिस्सर याने १६१४ मध्ये ‘सिन्नेपोपेन’ हे पुस्तक काढलं. त्यातली चित्रं कोरली होती वर उल्लेख आलेल्या क्लास यान्स फिस्सरने. या पुस्तकात देवदेवतांपेक्षा घरातल्या वस्तूंचीच गर्दी जास्त. एका पानावर कंगवा आहे, कारण तो मळही काढतो आणि शोभाही आणतो. दुसऱ्या पानावर पाय शेकायची पेटी. लाकडाची, वरच्या बाजूला भोकं, आत निखाऱ्यांचं भांडं. थंडीत बायका ती झग्याखाली पायाशी ठेवून बसत. रूमर फिस्सर तिला बायकांची लाडकी ठरवतो आणि बिचाऱ्या प्रियकराला या पेटीशी स्पर्धा करावी लागते असं चिडवतो. म्हणजे कंगव्याच्या पानावर उपदेश आणि पेटीच्या पानावर चावटपणा. एकाच पुस्तकात, एकाच गंभीर चेहऱ्याने.

डच चित्रकार व्हर्मीरच्या प्रसिद्ध ‘दूध ओतणारी’ या तैलचित्रात, उजव्या कोपऱ्यात जमिनीवर, अशीच पेटी आहे, आणि तिच्यामागच्या एका टाइलवर बाण घेतलेला मदन. हे पाहिलं की अभ्यासकांना फिस्सरची आठवण होणारच. पण २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने केलेल्या तपासणीत दिसलं की त्या कोपऱ्यात व्हर्मीरने आधी वेताची एक टोपली रंगवली होती, ती नंतर झाकली. प्रतीक म्हणून पेटी तिथे पहिल्यापासून नव्हती, ती चित्र करता करता आली. ‘व्हर्मीरला असं म्हणायचं होतं’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही टोपली लक्षात ठेवलेली बरी.

सगळ्यात जास्त वाचला गेला तो मात्र याकोब काट्स. पेशाने वकील, पुढे हॉलंड प्रांताचा सर्वोच्च मुलकी अधिकारी, आणि कवितेतून उपदेश करायची दांडगी हौस. १६२५ साली मिडलबर्गमध्ये त्याचं ‘हौवेलिक’ म्हणजे विवाह हे पुस्तक निघालं. बाईच्या आयुष्याचे सहा टप्पे, कुमारिकेपासून विधवेपर्यंत, आणि प्रत्येक टप्प्यावर तिने कसं वागावं याची लांबलचक पद्यं. चित्रं आड्रिआन फान द फेनेची. शतकाच्या मध्यापर्यंत या पुस्तकाच्या सुमारे ५०,००० प्रती खपल्या असं सांगतात. अनेक घरांत बायबलच्या शेजारी काट्सच असे.

बाईने घरातच राहावं, या काट्सला आवडणाऱ्या कल्पनेचं बीज फार जुनं आहे. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की शिल्पकार फिडियसने घडवलेल्या अफ्रोदितेचा एक पाय कासवावर होता, आणि त्याचा अर्थ असा की बाईने घर सोडू नये आणि गप्प राहावं. हे कासव पुढे डच विवाहसाहित्यात आनंदाने फिरत राहिलं. खुद्द हॉलंडमधल्या बायका बाजारात सौदे करत, दुकानं चालवत आणि रस्त्यावर मोकळेपणी वावरत, आणि परदेशी प्रवासी त्याबद्दल आश्चर्याने लिहीत. घरातच राहणाऱ्यांना घरात राहा असं इतक्या पानांत सांगावं लागत नाही.

काट्सचंच एक आधीचं पुस्तक, १६१८ सालचं, आपल्या कोड्याला जास्त उपयोगी आहे. त्यात त्याने प्रत्येक चित्र तीनदा समजावलं : एकदा प्रेमाच्या अंगाने, एकदा व्यवहाराच्या आणि एकदा धर्माच्या. चित्र तेच, कविता तीन, अर्थ तीन. त्या काळच्या वाचकालाही ठाऊक होतं की झाडूचा ‘खरा अर्थ’ अशी काही चीज नसते. तो झाडू कुठल्या कवितेच्या वर छापलाय, यावर सगळं अवलंबून.

चरख्याचे अर्थ

हे नीट समजून घ्यायला चरख्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

बायबलच्या जुन्या करारात, नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायात, गुणी पत्नीचं वर्णन येतं : लोकर आणि जवसाचे तंतू आणणारी, हातात चाती धरणारी, घर जागरूकपणे चालवणारी. १५५५ मध्ये मार्टेन फान हेम्सकेर्कने या वर्णनावर सहा चित्रांची मालिका रेखाटली आणि डिर्क कोर्नहेर्टने ती कोरली. दुसरीकडे रोमन कथेतली लुक्रेशिया : बाकीच्या सरदारांच्या बायका मेजवानीत दंग असताना ती रात्री दासींबरोबर लोकरीचं काम करत बसलेली सापडते. तरुण हेंड्रिक गोल्टझियसने तिच्या कथेवर मालिका कोरली. या दोन कथांतून सूत कातणं म्हणजे शील, हे समीकरण पक्कं झालं.

आता त्याच अ‍ॅमस्टरडॅममध्ये जरा पुढे चालू. १५९७ मध्ये शहराने एका जुन्या मठात ‘स्पिनहाइस’ उघडलं, शब्दशः सूतघर. भिकारी, चोरट्या, आणि पुढे पुढे वेश्याव्यवसायातल्या बायकांना इथे डांबत आणि कातायला, शिवायला लावत. शहरात येणारे पाहुणे हे घर बघायला जात. इथला चरखा शिक्षेचा होता. अर्थात शहराच्या मते तो सुधारणेचा होता : सद्गुणी बाई कातते, म्हणून कातायला लावलं की बाई सद्गुणी होईल. प्रतीकावर इतका विश्वास ठेवला की हे असं होतं.

आणि तिसरा चरखा पोटाचा. लायडन आणि हार्लेम ही कापडाची शहरं होती. मागाला सूत लागे आणि ते बरंचसं बायका-मुलं मजुरीवर कातत. आड्रिआन फान ओस्टाडे हार्लेमचाच. त्याने १६५२ मध्ये केलेल्या ‘कातणारी’ या एचिंगमध्ये बाई झोपडीवजा घरासमोर बसून कातते आहे. ना लुक्रेशिया, ना कैदी. हे चित्र पाहणाऱ्याला नीतिसूत्रं आठवली असतील का? कदाचित. आपल्या शेजारणीची आठवण मात्र नक्की आली असेल.

इतकी स्वच्छता कशासाठी?

भांडी घासण्याचंही असंच. डच घरांची स्वच्छता परदेशी प्रवाशांच्या थट्टेचा विषय होती : उंबरे घासतात, पायऱ्या धुतात, रस्तासुद्धा धुतात. इतिहासकार सायमन शामाने १९८७ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात याला नैतिक आणि राष्ट्रीय अर्थ दिला : बाहेरची घाण म्हणजे पाप आणि परकी सत्ता, घर म्हणजे सांभाळून ठेवलेलं स्वातंत्र्य. वाचायला बहारदार. पुढे २००९ मध्ये बास फान बाव्हेल आणि ऑस्कर खेल्डरब्लोम या आर्थिक इतिहासकारांनी मुद्दा सरळ गोठ्यात नेला. हॉलंडमधली पुष्कळ कुटुंबं बाजारासाठी लोणी आणि चीज करत. भांड्याला जराशी आंबूस घाण राहिली तरी दूध नासतं, माल जातो. म्हणून भांडी, फरशी, हात सगळं घासूनपुसून ठेवायची सवय आधी लागली, आणि उपदेशकांनी तिला नंतर अर्थ दिला.

मला हे दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं, पण ते पहिल्याला खोडत नाही. दूध टिकावं म्हणून घासलेल्या भांड्यावर कवी पुण्याची कविता लिहू शकतोच. यान लायकेनने १७११ मध्ये ‘शिकवण देणारं घरसामान’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं. घरातल्या पन्नास वस्तू, प्रत्येकीचं सुबक चित्र, प्रत्येकीतून देवाकडे जाणारी वाट. लायकेनने पुरुषांनाही सोडलं नव्हतं बरं का. १६९४ च्या पुस्तकात त्याने शंभर धंदे चितारले आणि प्रत्येकाच्या खाली तसाच बोध जोडला. फरक इतकाच की लोहाराला बोध मिळाला तरी त्याच्या कामाला आधी काम म्हणून मान असे, मजुरी असे, संघ असे.

रोखमनच्या बायका

आता ज्या चित्रांसाठी हा सगळा खटाटोप केला त्यांच्याकडे येऊ. गीर्ट्राउड रोखमन १६२५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये जन्मली. घरच कोरणाऱ्यांचं. वडील हेंड्रिक कोरणारे, बहीण मागडालेना कोरणारी, भाऊ रूलांट निसर्गचित्रकार, आणि आईचा काका रूलांट साफेरी हा नावाजलेला चित्रकार. भावाच्या रेखाटनांवरून तिने १४ निसर्गदृश्यांची मालिका कोरली. त्या काळी कोरणाऱ्या बायका तुरळक होत्या, पण नव्हत्या असं नाही. उट्रेख्टच्या मागडालेना फान द पास्सेचं नाव तिच्या आधी झालेलं होतं. घरातच छापखाना असेल तर मुलींच्या हातीही कोरणी येई.

सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गीर्ट्राउडने पाच चित्रांची मालिका केली, आणि ही स्वतःच्या रेखाटनांवरून. म्हणजे कल्पनाही तिची, कोरणंही तिचं. विषय : दोघी शिवताना, एक कातताना, एक कापडाला चुण्या घालताना, एक स्वयंपाक करताना, एक भांडी घासताना. ती फार जगली नाही. १६५७ पर्यंत तिचं निधन झालेलं होतं.

या चित्रांतलं वेगळेपण सांगायला आधीची चित्रं लक्षात ठेवावी लागतात. पुरुष चित्रकारांच्या घरकामाच्या दृश्यांत बहुधा एखादी गोष्ट घडत असते. मोलकरीण झोपलेली आणि मांजर पक्षी पळवतंय, जसं निकोलास मासच्या १६५५ च्या तैलचित्रात. किंवा स्वयंपाकिणीकडे कुणी बाप्या बघतोय. बाई काम करते, पण चित्राचा विषय तिचं काम नसतो, तिचं वागणं असतं. रोखमनच्या चित्रांत बघणारा बाप्या नाही. एखादी बाई तर चक्क आपल्याकडे पाठ करून उभी आहे. चेहरा दिसत नाही, खांदे आणि कंबर दिसते, वजन कुठल्या पायावर आहे ते कळतं. भांडी, टोपल्या, जड घागरा हे सगळं रेघांच्या दाट जाळीत असं बसवलंय की बाईइतकीच जागा तिच्या सामानाला मिळते. ज्याने हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यालाच अवजार हाताच्या नेमकं किती जवळ असतं ते ठाऊक असतं.

मग या चित्रांत प्रतीकं नाहीतच का? आहेत. चुण्या घालणाऱ्या मुलीच्या चित्रात मरणाची आठवण देणाऱ्या वस्तू मांडलेल्या आहेत. रोखमन काट्सच्याच काळात वाढलेली, प्रकाशकाचं गिऱ्हाईकही काट्स वाचणारं. कापडावर बोटांनी घडी घडी बसवायची, ती धुतली की मोडणार, पुन्हा बसवायची. अशा कामाशेजारी मृत्यूची खूण ठेवावीशी वाटली तर त्यात नवल नाही. पण बाकीच्या चित्रांत हातच इतके गुंतलेले आहेत की उपदेश करायला कुणाला फुरसत नाही.

अभ्यासकांचं भांडण

डच कलेच्या अभ्यासात या प्रश्नावर बरीच वर्षं कडाक्याचा वाद चालला. एडी द योंगने १९६७ पासून दाखवून दिलं की साध्या दिसणाऱ्या चित्रांमागे एम्ब्लेम-पुस्तकांतले अर्थ लपलेले असतात. १९७६ मध्ये राइक्सम्युझियममध्ये त्यावर मोठं प्रदर्शनही झालं. १९८३ मध्ये स्वेतलाना आल्पर्सने उलट बाजू मांडली : डच कला गुपितं दडवत नाही, ती बघते, नकाशे काढणाऱ्या, भिंगं घासणाऱ्या समाजाची ती कला आहे. पुढे वेन फ्रॅनिट्सने घरगुती सद्गुणांच्या चित्रांवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि मार्था मॉफिट पीकॉकने रोखमनच्या मालिकेत बाईची स्वतःची नजर शोधली.

तैलचित्रांबाबत हा वाद मिटणं कठीण, कारण कॅनव्हासवर कविता लिहिलेली नसते. छापचित्राचं बरं असतं. त्याच्या खाली ओळी कोरलेल्या असतील तर प्रकाशकाला काय विकायचं होतं ते समोरच असतं. ओळी नसतील तर अर्थ जोडताना हात जरा आखडता घ्यावा.

राइक्सम्युझियमने आपल्या संग्रहातली हजारो छापचित्रं संकेतस्थळावर मोठ्या आकारात, फुकट ठेवली आहेत; रोखमनची चित्रंही तिथे मिळतात. पाहताना आधी तळाची अक्षरं वाचावीत, मग चित्र मोठं करत करत हातांपर्यंत जावं. शिवणाऱ्या बाईने सुई उजव्या हातात धरली असेल, तर पत्रा कोरताना तिला डावखुरी करण्याचं गणित कुणीतरी डोक्यात मांडलेलं होतं.